म्यानाचे येगळे

बाबांचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. “मोठीआई गेली…” एवढंच ते बोलू शकले. गावी जाताना मूलच्या बसमध्ये मला उगाच वाटत राहिलं, की गावात शिरताना घणाचा आवाज येईल. आला नाही.

मोठीआई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, आमच्या मोठेबाबांची बायको. आमचं लोहाराचं घर. मोठेबाबा सांडशीत तापलेलं लोखंड धरायचे आणि घण मोठीआई मारायची. लाकडाच्या मुठीही तीच करायची. विळा असो की कुऱ्हाड, भाव ठरायचा काट्यावर. जितकं लोखंड तितके पैसे, मूठ फुकट. ही रीत आजोबांच्याही आधीची. तिच्याबद्दल कसं लिहावं ते मला नीट कळत नाही, पण मागच्या उन्हाळ्यातली एक दुपार लिहायलाच हवी.

ताडोब्याजवळच्या एका हॉटेलातले एक आचारी मोबाइलवर फोटो घेऊन आले होते. जपानी पद्धतीची पातळ सुरी आणि तिचं लाकडी म्यान. पाच-सहा पाती वाया गेल्यावर एक जमलं. म्यान मोठीआईनं शिवणीच्या लाकडाचं केलं. दोन फळ्या आतून कोरून अशा जोडल्या, की सुरी आत खडखडू नये आणि उलटी धरली तरी पडू नये. रोज संध्याकाळी ती कोरत बसायची, मी अभ्यास करत समोर…

आचारी न्यायला आले, तेव्हा मोठेबाबांनी सवयीनं सुरी काट्यावर ठेवली. भरली विळ्याहून हलकी. जितकी निगुतीनं घासली, तितकी स्वस्त झाली होती! आचाऱ्यांनी पाकीट काढलं. मोठीआईनं काट्यावरून सुरी उचलली.

“अवो, हे का भंगार हाय? घासू घासू जे लोखंड उडालं, ते कोन मोजीन?”

“मंग का तोंडाले येईन ते मांगू?” मोठेबाबा कुजबुजले. “लोकं हासतीन.”

“हासू द्या.” मग ती आचाऱ्यांकडे वळली. “भाऊ, तुमी ताटाचे पैसे भाजीच्या वजनावर घेता का?”

ते हसलेच. “बरं, तुम्हीच सांगा बाई.”

“सुरीचे तीन हजार. म्यानाचे येगळे, एक हजार.”

मोठेबाबांना ठसका लागला. लाकडाचे पैसे आमच्या घरात आजवर कुणी मागितले नव्हते. आचारी म्हणाले, “मग म्यान राहू द्या, नुसती सुरी द्या.”

“नुसती नाई भेटत.” तिचा आवाज चढला नाही, पण सुरी सोडली नाही. “म्यान मी केलं हाय. दोन्ही नेत असान तं न्या.”

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. आचाऱ्यांनी सुरी म्यानात घातली, उलटी धरली, हलवून पाहिली. आणि चार हजार मोजले. वरचे हजार मोठीआईनं पदरात बांधले. मोठेबाबा म्हणाले, “आता मुठीचेबी मांगशीन का वं?” ती म्हणाली, “इचार चालू हाय.”

तेरवीनंतर मी दुकानात बसले होते. नवी सुरी तयार होती. तिच्या म्यानाची एक फळी कोरलेली, दुसरी कोरी, तशीच राहिलेली. नागपूरहून ती न्यायला आलेला माणूस म्हणाला, “म्यान राहू द्या काका, सुरी तेवढी द्या.”

“नुसती नाई भेटत,” मोठेबाबा म्हणाले. “पुढच्या महिन्यात या. अन् म्यानाचे येगळे.”

तो गेल्यावर त्यांनी मोठीआईची पटाशी घेतली आणि कोरी फळी मांडीवर ओढली.