मेमरीच्या चार चौकटी

आमच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मला बेळगावहून बंगळूरला येऊन वर्षही झालं नव्हतं. साठीचं दशक सरत आलं होतं. त्या खोलीत मराठी बोलणारे दोघंच, मी आणि आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ. ते बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

मोठं गणित घातलं की यंत्र अडायचं आणि बोल माझ्या प्रोग्रॅमला लागायचा. एका दुपारी अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब. आत आहे तरी काय ते बघू." त्यांनी यंत्राच्या कपाटाच्या मागच्या दारावरचं कंपनीचं सील तोडून ते माझ्यासमोर उघडलं. कागदोपत्री मेमरीच्या आठ चौकटी होत्या. प्रत्येकीत तारांत ओवलेली मोहरीएवढी काळी कडी, यंत्राची आठवण त्यांतच. आत चारच निघाल्या.

"तू मोज," अण्णा म्हणाले. मी दोनदा मोजल्या. चारच.

त्यांनी ते नोंदवहीत लिहिलं. पण यंत्र पूर्ण मिळाल्याची सही प्रयोगशाळेच्या साहेबांनी आधीच करून टाकली होती. त्यांनी अण्णांना बोलावून विचारलं, "किल्ली तुमच्याकडे असते. मग उरलेल्या चौकटी गेल्या कुठे?"

चौकशी बसली. मला विचारलं, "सील तोडून दार तुमच्यासमोर उघडलं?" माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी म्हणाले, "मी आले तेव्हा उघडंच होतं." अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याच महिन्यात त्यांना काढलं.

पुढे सहा-सात महिन्यांनी कंपनीकडून एक लाकडी खोकं आलं. चार चौकटी, आणि पत्र: पाठवताना आमच्याकडून राहून गेल्या, क्षमस्व. साहेबांनी पत्र फायलीला लावलं. अण्णांचं नाव कुणी काढलं नाही.

मी पत्राची नक्कल करून बसवनगुडीला गेले. दार अण्णांच्या बायकोने उघडलं. अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला होता, वाचा गेली होती.

"अक्का, पत्र आलंय. त्यांनी काही नेलं नव्हतं."

"ते आम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुलाही होतं की गं."

त्यांनी मला खाटेजवळ नेलं. "तूच वाच."

मी वाचलं. अण्णा भिंतीकडे बघत होते. त्यांच्यापर्यंत काही पोचलं की नाही, मला कळलं नाही. अक्कांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि त्यांच्या उशीखाली सारला.