नानांचं 'शे'

नानांचं यंत्र बिघडलेलं नव्हतं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही… बारा दिवसांपूर्वी धुळ्याहून नाना गेल्याचा ट्रंककॉल आला, तेव्हा सगळ्यात आधी मला हेच आठवलं.

नाना माझे मेव्हणे. धुळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्या अक्काची उजवी मूठ लकव्यानं आखडली, तेव्हा त्यांनी बॅटरीवरची एक पेटी जुळवली. माइकमध्ये बोललं की आवाजाचा झटका होऊन तारेतून अक्काच्या हाताला बांधलेल्या ओल्या चकत्यांत जाई. 'शे', म्हणजे आमच्या बोलीतलं 'आहे', म्हटलं की मऊ मुंग्या येत, बोटं हळूहळू उलगडत. 'बठ्ठा', म्हणजे सगळा, म्हटलं की त्यातल्या 'ठ'च्या दणक्यानं मूठ थेट नानांच्या नाकावर! घरात 'बठ्ठा' शब्दाला बंदी झाली. एकदा अक्काच विसरून म्हणाली, "बठ्ठी भाजी संपाडा," आणि भाजी भिंतीवर गेली. तरी दोन महिन्यांत ती पेला धरू लागली होती.

मग जळगावच्या एका बड्या डॉक्टरांनी पेटी बघायला बोलावलं. त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. बोलायचं काम माझं, कारण नानांच्या मते माझं 'शे' सगळ्यांत लांब. मी तेव्हा जळगावात कारकून, शुद्ध बोलण्याची मोठी ऐट. समोर कोट घातलेली चार माणसं… 'कसं शे?' म्हणायची मला लाज वाटली. मी ठसक्यात विचारलं, "ठीक आहे का?"

डॉक्टरांचा हात उडाला आणि टेबलावरचा चहा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर.

"अहो, हे यंत्र बरं करतं की मारतं?" ते ओरडले.

परतीच्या एसटीत नानांनी पेटी मांडीवर धरून विचारलं, "तू काय बोलना रे?"

"'शे'च बोलनू," मी म्हणालो. तेवढं मात्र अस्सल बोलीत!

नानांनी पेटी खोलून सुटी केली ती कायमची. स्वतःच्या बायकोच्या हाताला असलं बेभरवशाचं यंत्र लावायची त्यांची छाती होईना. मूठ पुन्हा मिटली.

परवा दहाव्याला गेलो. माइक अजून खुंटीला आहे, अक्का डाव्या हातानं पुसते. म्हणाली, "नाना म्हनेत, तुनागत गोड 'शे' कोनलेच जमत नही."

अक्काला वाचता येत नाही, तेव्हा हे नुसतं लिहून भागणार नाही. तिच्यासमोर बसून मला एवढंच कबूल करायचं आहे: चूक मनी शे. ते मी अजून म्हटलेलं नाही.