केपला रफू

हिरोची केप, म्हणजे पाठीवरचा तो लांब लाल कपडा, कव्हरवर खांद्याजवळ टरकन फाटलेली होती आणि कव्हरची जाहिरात होऊन गेली होती. पुढच्या भागात मात्र ती धडधाकट होती, कारण तो भाग आमचे मुख्य चित्रकार आधीच काढून बसले होते. मधला भाग, ज्याचं हे कव्हर, माझ्याकडे होता. केप नीट कशी झाली, हे स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हतं.

मी कॉमिक्सची पेन्सिलर. स्क्रिप्ट वाचून पहिली चित्रं मी काढते, शाई आणि रंग दुसरे भरतात. अकोल्यात जठारपेठेत, बाबांच्या टेलरिंगच्या दुकानावरच्या खोलीत बसून मुंबईचं काम करते. लांबलचक मालिकेत मुख्य चित्रकाराला उसंत मिळावी म्हणून मध्ये फिलर काढतात. एसटीच्या सीटवर टाकलेला रुमालच तो. त्यात कोणी मरत नाही, कोणाचं लग्न होत नाही, शेवटच्या पानावर सगळं जिथल्या तिथे. पण माझ्यासाठी हा पहिला पूर्ण भाग होता. बिघडला असता तर पुन्हा दुसऱ्यांच्या हिरोमागच्या इमारती काढत बसावं लागलं असतं.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "शेवटी सरळ नवी दाखवा. फिलर कोण एवढा बारकाईनं वाचतं?"

मला रागच आला. शिंप्याची पोर मी. फाटलेला कपडा आपोआप नीट झालेला माझ्या हातून काढवेना. जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून कव्हर पाहिलं.

"एवढं जग वाचवते, अन् त्याले एक शिंपी भेटत नाही काय? रफू करून टाक ना."

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतले धागे काढून फाटलेली जागा विणायची. डोळ्याला दिसत नाही, बोटाला तेवढी लागते. मी हिरोला बनियनवर एका टेलरच्या दुकानात स्टुलावर बसवलं आणि बाबांना समोर बसवून त्यांचे हात काढले. दोन पानं, एकही ठोसा नाही.

"यात ॲक्शन कुठे आहे?" संपादकांनी विचारलं.

"बाकीच्या पानांत तरी कुठे आहे, सर?"

छपाई तोंडावर आली होती, म्हणून पानं राहिली.

भाग सपशेल आपटला. वाचकांनी नेटवर धुऊन काढलं, आणि कथा पाहता ते बरोबरच होतं. पण शिव्या देणारेच खाली लिहीत होते की शिंप्याची दोन पानं तेवढी सोन्यासारखी आहेत. मी ते सगळं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, शिव्यांसकट.

फिलरमधलं काहीही पुढे नेत नाहीत. तरी मुख्य चित्रकारांनी नंतर काढलेल्या एका भागात, मोठ्या लढाईच्या आधी, हिरो खांद्याजवळ केपवरून बोट फिरवतो. एकही शब्द नाही. ते पान घेऊन मी खाली दुकानात गेले. बाबांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"जागा बराबर हाय," ते म्हणाले, आणि अंक काउंटरवर गिऱ्हाइकांना दिसेल असा ठेवला.

मला पुढचं काम मिळालं. तेही फिलरच आहे. कपडा हलका आला म्हणून शिवण हलकी घालायची नसते, एवढंच.