फिशटँकला रजई

माझी आई दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होती. रक्ताच्या स्लाइडवर मलेरियाचे जंतू शोधण्यात तिची जवळजवळ सगळी नोकरी गेली. ती रिटायर झाली आणि आर. के. पुरमचं क्वार्टर सोडावं लागलं. बाबा आधीच गेले होते. मग ती माझ्या नोएडाच्या फ्लॅटवर राहायला आली. आम्ही दोघीच.

मी ऑफिसला गेले की ती एकटी. यवतमाळच्या बहिणींशी फोनवर बोलून झालं की खिडकीपाशी बसून राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं. डोळ्यांना काम नाही राहिलं."

म्हणून मी हॉलमध्ये फिशटँक आणला. आईला तो लगेच आवडला असं नाही. पण थोड्याच दिवसांत ती खुर्ची खिडकीपासून टँकपाशी घेऊन आली. त्यात दोन एंजल होते, आणि एक बोटिया. नारंगी अंगावर काळे पट्टे असलेला हा मासा तळाशी लाकडाच्या ओंडक्याखाली राहायचा आणि आईचा आवाज ऐकला की बाहेर यायचा. निदान आईचं तसं म्हणणं होतं. हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही दोघी दुकानात जाऊन चमकत्या, इवल्या निऑन टेट्रांचा एक छोटा थवा घेऊन आलो, आणि टँक खरोखर उजळला.

मग धुक्याचे दिवस सुरू झाले. एकदा मी ऑफिसमधून आले तर आई दारातच म्हणाली, "मासे अंग घासताहेत. दगडावर, लाकडावर. खाज सुटल्यासारखे." दुसऱ्या दिवशी टेट्रांच्या अंगावर कुणी रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके होते. आणखी एका दिवसात ते एंजलच्या परांवर आले, आणि बोटियाही ठिपक्यांनी भरला. दोन टेट्रा मेल्या.

मी दुकानदाराला फोटो पाठवून फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ये व्हाइट स्पॉट है. सब फेंक दो, टैंक धो के नया माल डालो. इतनी ठंड में कोई नहीं बचता."

फोन स्पीकरवर होता. आई ऐकत होती. "फेकून द्या म्हणे!" ती इतक्या जोरात म्हणाली की मी दचकले. मग ती उठली आणि तिनं मला कपाटावरचा एक खोका खाली काढायला लावला. लॅबमधल्या मंडळींनी तिला निरोपाला एक छोटा मायक्रोस्कोप भेट दिला होता. तो अजून थर्मोकोलमध्येच होता.

नुकत्याच मेलेल्या टेट्राच्या अंगावरचा चिकट थर तिनं काचपट्टीवर घेतला, वर पाण्याचा थेंब ठेवला आणि डोळा लावला. मी कितीतरी वर्षांनी तिला त्या पोजमध्ये बघत होते: एक डोळा मिटलेला, बोटं स्क्रूवर, श्वास अगदी हलका.

"ये. बघ," ती म्हणाली. "फिरतोय बघ."

मी पाहिलं. एक गोल, काळसर जीव जात्यासारखा सावकाश फिरत होता. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी फिकट खूण होती.

"परोपजीवी आहे," आई म्हणाली. मी दिल्लीत वाढलेली. मनातल्या मनात त्याचं हिंदी करून घ्यायला मला एक क्षण लागला. "मलेरियासारखंच. हा काही आयुष्यभर एका जागी बसत नाही. आता माशाच्या कातडीखाली आहे, तिथं औषध पोचणार नाही. पोट भरलं की गळून तळाशी जाईल, खडीत बसून पिल्लं काढेल, आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात पोहत निघतील. तेव्हाच ती औषधाला सापडतात."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत त्यांना घाई करायला लावायची. पाणी गरम झालं की ते सगळं भराभर उरकतात."

त्या दिवसापासून घराची लॅब झाली. आईनं इंटरनेटवरचे व्हिडिओ माझ्याकडून लावून घेतले, त्यातले निम्मे "बकवास" म्हणून बंद करायला लावले. हीटरचं तापमान आम्ही थोडं थोडं वाढवत नेलं. गरम पाण्यात हवा कमी राहते म्हणून दुसरा पंप बसवला. बोटियाला खवले नसल्यासारखेच, त्याला पूर्ण औषध सोसणार नाही, म्हणून दुकानातून आणलेल्या औषधाचा निम्माच डोस आईनं सिरिंजनं मोजून पाण्यात टाकला. रोज सकाळी ती बाही सरसावून सायफनच्या नळीनं खडीतला गाळ ओढायची, बादली भरली की मला हाक मारायची. मी ऑफिसचं काम घरूनच करायला लागले आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बादल्या उचलल्या.

आणि ठिपके गेले. एका सकाळी सगळे मासे स्वच्छ. मी नाचायचीच बाकी होते. "आई, झालं! बंद करू या औषध."

"बिल्कुल नाही," ती म्हणाली. "स्लाइड साफ दिसली म्हणजे पेशंट बरा झाला का? ते आत्ता खाली गेलेत. खरी लढाई आता आहे."

आणि नेमकी त्याच दुपारी वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला होता, आणि सोसायटीचा जनरेटर थोडा वेळ घरघरून बंद पडला. बाहेर सूर्य नावालाही नव्हता. टँकमधल्या थर्मामीटरचा पारा उतरायला लागला. मला काही सुचेना. आई आतून तिची रजई घेऊन आली.

"पकड ते टोक."

आम्ही टँकला चारी बाजूंनी रजई गुंडाळली आणि साडीनं बांधली. गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या आणि त्या टँकमध्ये सोडल्या. पंप बंद, म्हणून मी स्टुलावर उभी राहून मगानं पाणी उंचावरून ओतत राहिले. चौकशीला आलेल्या शेजारीणबाई दारातच थांबल्या. "आंटी, ये किसको रजाई ओढ़ाई है?"

"मरीज़ को," आई म्हणाली, आणि त्यांच्या हातात दुसरा मग दिला.

अंधार पडायच्या सुमाराला वीज आली. रजई सोडली तेव्हा बोटिया तळाशी आडवा पडला होता. आई काचेला नाक लावून म्हणाली, "कल्ला हलतोय." मग ती तिथंच बसून त्याच्याशी बोलत राहिली. जेवायची वेळ झाली तेव्हा तो सरळ झाला, ओंडक्याखाली गेला आणि तिथून तोंड बाहेर काढून बसला.

ठिपके पुन्हा आले, पण इतके तुरळक की शोधावे लागत होते. मग तेही गेले. तरी आईनं औषध आणि गाळ ओढणं चालूच ठेवलं. शेवटी एका रविवारी तिनं खडीतल्या पाण्याचे थेंब एकामागून एक मायक्रोस्कोपखाली घेतले. मी चहा घेऊन उभी होते, तो गार झाला. ती मान वर करेना.

मग तिनं चष्मा लावला आणि हॉस्पिटलच्या खिडकीतून रिपोर्ट द्यावा तशी मोठ्यानं म्हणाली, "निगेटिव्ह!"

मी तिला मिठी मारली. दोन्ही एंजल, बोटिया आणि बहुतेक सगळ्या टेट्रा वाचल्या होत्या. "आज रस्सा करते," आई म्हणाली, "मटणाचा. मच्छीचं नाव काढू नको." तिखट इतकं झालं होतं की दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आम्ही हसत होतो.

मग ही गोष्ट शेजारीणबाईंनी सगळ्या टॉवरभर केली. थंडी सरायच्या आत आईला वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं: त्यांच्या गोल्डफिशवर पांढरं काहीतरी दिसतंय. ती तयार झाली, मायक्रोस्कोपचा खोका काखेत घेतला आणि मला म्हणाली, "मला उशीर होईल. तू जेवून घे."