दोन कुऱ्हाडींमधली निवड

कपाट आवरताना छोट्या कुऱ्हाडीच्या दांड्याला जवसाच्या तेलाचा वास आला आणि पुण्याच्या जुन्या बाजारातली चाळीस वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. माझ्या पत्नीला, मालतीला, लाकडी चमचे कोरायचे होते. मी दोन कुऱ्हाडींचे वजन आणि तोल पद्धतशीर तपासले.

"अहो, दोन्ही बाजूंना उतार असलेली हाताला बरी वाटते," ती म्हणाली.

"कोरण्यासाठी एक बाजू सपाट हवी, तीच लाकडाला टेकते," असे समजावून मी दुसरी घेतली.

घरी पाते लाकडावरून सटकत राहिले आणि मी तिची पकड सुधारत राहिलो. महिन्याभरात तिने कोरणे सोडले.

मालती डावखुरी आहे. डाव्या हातात ती सपाट बाजू लाकडाकडे येतच नाही, हे मला आज उमगले. मी तिला तसे सांगितले.

"आता मनगट दुखतं हो," ती म्हणाली.