खतिजाची शपथ

अमीन नदाफाएवढा तोंडाचा फटकळ आणि शब्दाचा पक्का माणूस आमच्या गल्लीत दुसरा न्हाय. मी झुंबरबाई, त्येच्या भिंतीला भिंत लावून तीस वर्सं ऱ्हातीया, मला इचारा! गाद्या शिवायचा धंदा त्येचा. कापूस कमी भरला तर सोताला शिव्या घालंल, गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर गिऱ्हाइकाला.

गाद्या पोचवायला त्येनं एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यावर जीव टाकला. बारका ओरखडा दिसला तरी घर डोक्यावर घ्यायचा. त्येची बायको खतिजा तवा चुलीम्होरनं हलायची न्हाय. पण तिला गाडी शिकवली त्यानंच, हे बी खरं.

गेल्या साली खतिजा गेली. ताप आला, चार दिसांत सगळं संपलं. मग अमीनला त्या गाडीत बसवंना. शेजारची मोकळी सीट बघितली की रडू फुटायचं गड्याला. म्हणून इकायला काढली.

घ्यायला आला शिरोळचा सयाजी. पुराचं पाणी दारात बघितलेला माणूस, त्येचा पैला सवाल त्योच, "पावणं, गाडी पुरात बुडाली न्हाय न्हवं?"

"खतिजाची शपथ," अमीन म्हणला, "पाणी शिवल्यालं न्हाय."

मी दारात तांदूळ निवडत बसलेली. हात थांबला माझा, पण तोंड उघडलं न्हाय. तिथंच शेण खाल्लं मी.

कारण गाडी बुडालती, आणि ती माझ्यापायी. एकवीस सालचा पूर. अमीन बिद्रीला गाद्या भरायला एस्टीनं गेलता, तिकडंच अडकला. हिकडं माझ्या सुनेला, राजनंदिनीला, कळा सुटल्या. एक रिक्षावाला यायला तयार हुईना. खतिजानं चावी उचलली. दवाखान्याच्या अलीकडंच सीटापातूर पाणी आलं, गाडी बंद पडली. मग आमी दोघींनी सुनेला मधी धरून कमरेएवढ्या पाण्यातनं दवाखान्यात न्हेलं. नात झाली, दोघी सुखरूप.

पाणी वसरल्यावर मेस्त्रीनं गाडी चालू करून दिली. खतिजानं तीन दिस ती धुतली, वाळवली, आतलं फाटल्यालं जाजम दिसू नये म्हणून खालच्या अंगानं हातानं शिवलं. "आक्का, ह्यांना कळता कामा न्हाय," म्हणली. मी कबूल केलं.

गाडी इकून आठ दिस झालं न्हाईत तवर सयाजीचा फोन. भोंगा आपोआप वाजतोय. अमीन वायरमनला घिऊन शिरोळला गेला. मग दिवं गेलं, परत गेला. मग कुबट वास यायला लागला. गल्ली म्हणायची, इकल्यावर तुझं काय हाय त्यात? त्यो म्हणायचा, "शपथ घेतलीया मी, तुमी न्हाय."

एका दुपारी सयाजी गाडीच घिऊन आला. जाजम उपसून अमीनच्या पायापाशी फेकलं. खाली पत्र्याच्या खाचांत वाळल्याला गाळ.

"शिरोळच्या माणसाला गाळ वळखू येत न्हाय व्हय? मेल्या बायकूची खोटी शपथ घेतोस? लाज न्हाय वाटली?"

अमीननं हात उगारला. तेवढ्यात त्येची नजर जाजमाच्या शिवणीवर गेली. गादीचा टाका, उलटी गाठ. त्या घरात तशी गाठ एकच बाई मारायची. हात तसाच खाली आला. घरात गेला, सगळं पैसं आणून सयाजीच्या हातात ठेवलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणला.

सयाजी गाडी ठिवून गेल्यावर अमीन माझ्याकडं वळला. "आक्का, तुमास्नी म्हाईत व्हतं?"

सगळं सांगितलं मी. रडत सांगितलं. त्यानं ते जाजम मांडीवर घेतलं, शिवणीवरनं बोट फिरवत ऱ्हायला.

"मला का न्हाय सांगितलं तिनं?"

खोटं बोलायला पायजे व्हतं मी. पण येकदा गप बसून काय झालं ते समोरच व्हतं.

"भ्यायची तुमाला, अमीनभाई."

त्येनं जाजम घट्ट धरलं. म्हणला, "शाब्बास म्हणलो असतो की वो. बाळंतपणासाठी गाडी काढली तिनं... शाब्बासच म्हणलो असतो. अल्लाशपथ."

मी मान डोलवली. खरं तर शाब्बास म्हणला नसताच त्यो. मला म्हाईत हाय, आणि त्येलाबी म्हाईत व्हतं. म्हणूनच एवढा मोठा गडी जाजमात तोंड खुपसून हुंदकं देत व्हता.