मिहिरचा फेटा

तळवड्यात कुणाचंही लग्न असो, मानपानाचा माईक आमच्या दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्याच हातात. कोण कुणाचा व्याही, कोण कुणाचा साडू, अर्जुनरावांना सगळं तोंडपाठ. इथे फेट्याचा मान चुकला तर भावकीत बोलणं बंद होतं. दादांकडून कधी कुणाचा चुकला नाही. मिहिरचा सोडून.

मिहिर माझ्या धाकट्या भावाचा, शार्दूलचा जोडीदार. शार्दूल चाकणला कंपनीत मेंटेनन्सला, मिहिर शाळेत गणित शिकवतो, दोघं निगडीत राहतात. घरात सगळ्यांना ठाऊक, पण अवाक्षर काढायचं नाही! लग्नात मिहिर मागच्या खुर्चीवर, ‘शार्दूलचा दोस्त’ म्हणून. दोस्ताला फेटा नसतो.

उन्हाळ्यात कंपनीतून येताना शार्दूलला टेम्पोनं उडवलं. मिहिरनं त्याला दवाखान्यात नेलं, तर काउंटरवर म्हणे, "तुम्ही पेशंटचे कोण? सहीला घरचं माणूस आणा." दादा ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत ऑपरेशन खोळंबलं. शार्दूल वाचला. पण सहीचा कोरा फॉर्म धरून बाकावर बसलेला मिहिर दादांनी पाहिला आणि तो काही त्यांच्या मनातून हलेना.

मी पिंपरीच्या कोर्टात वकिली करते. दादांनी मलाच धरलं.

"चित्रे, ह्या दोघांचं लगीन लावता यील का?"

"नाही."

"मग ते सिव्हिल युनियन का काय म्हंत्यात?"

"तेही आपल्याकडे नाही. सुप्रीम कोर्टानं तेवीस साली सांगितलं, कायदा करायचा तर संसदेनं करावा."

"पर दोन्हीत फरक काय?"

"लग्न लागलं की नवराबायकोचे सगळे हक्क आपोआप येतात. वारसा, पेन्शन, दत्तक मूल, सगळं. युनियनमध्ये, म्हणजे लग्न न म्हणता केलेल्या नोंदणीत, सरकार मोजून देईल तेवढेच. काही देशांत वारसा मिळतो, पण दोघांच्या नावावर मूल दत्तक घेता येत नाही."

दादा सुपारी कातरायचे थांबले. "म्हंजी पंगतीला बसवायचं, पर वाढताना हात आखडायचा!"

मला हसू आलं आणि डोकंही फिरलं. "आणि आपण हो? आपण तर पंगतीलाच बसवत नाही त्याला."

दादांनी अडकित्ता खाली ठेवला. मी मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, जे करता येतं ते करून दिलं. पण ठिगळं ती ठिगळंच.

मग दिवाळीनंतर चुलतबहिणीचं, उत्कर्षाचं लग्न आलं. मांडव खचाखच भरलेला. दादांनी माझ्या नवऱ्याला पुकारलं, "आमचे थोरले जावई, शेखरराव!" शेखरला फेटा बांधून झाला. दादा खाकरले.

"आन् आमचे धाकले जावई, मिहिरराव! यावं, मानाचा फेटा घ्यावा."

गोजाआत्यानं तोंडाला पदर लावला.

"कुनाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा," दादा माईकवरूनच म्हणाले. "माझ्याकडनं मान कवा चुकलाय का? ह्यो येकच चुकला हुता."

काठी टेकत शार्दूल उठला आणि मिहिरला हाताला धरून पुढे घेऊन आला. फेटा शेखरनं स्वतः बांधला. मिहिरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कायदा येईल तेव्हा येईल, नाही आला तर मी आहेच भांडायला.

दादांचा माईक अजून चालूच होता.

"रडतोस काय, येड्या? जावयानं रुसायचं आसतंय!"